एबीए सेशन नोट कशी लिहायची: पुण्यात नव्याने काम सुरू केलेल्या थेरपिस्टसाठी सविस्तर

एबीएचं (अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस, म्हणजे बहुतेक ऑटिझम असलेल्या मुलांना वर्तन मोजत मोजत नवी कौशल्यं शिकवायची थेरपी) ट्रेनिंग घेताना डीटीटी (सूचना, उत्तर, बक्षीस अशा एकेका फेरीने म्हणजे ट्रायलने शिकवणं) शिकवतात, प्रॉम्प्ट (उत्तरासाठी दिलेली मदत) शिकवतात, रीइन्फोर्समेंट (आवडतं काही देऊन वर्तन वाढवणं) तर इतकं शिकवतात की झोपेतही सांगता येईल, पण नोट, म्हणजे प्रत्येक सेशनची लेखी नोंद, लिहायला मात्र कोणी धड शिकवत नाही. "मागच्या थेरपिस्टची फाईल बघ आणि तसंच लिही" एवढंच सांगतात, आणि मागच्या थेरपिस्टनेही तिच्या आधीच्या थेरपिस्टचं बघूनच लिहिलेलं असतं. त्यामुळे कोथरूडपासून पिंपळे सौदागरपर्यंत कुठलीही फाईल उघडा, तेच वाक्य सापडतं: "आज सेशन छान झालं, मूड थोडा ऑफ होता, टँट्रम केले, नंतर कोऑपरेट केलं." यातून काहीच कळत नाही. मूल कुठलं, टार्गेट काय, टँट्रम म्हणजे नेमकं काय, किती वेळ, आधी काय झालं, तुम्ही काय केलं, काही नाही. नाव बदललं तर हीच नोट दुसऱ्या मुलालाही चालेल, आणि जी नोट कुणालाही चालते तिचा खरं तर कुणालाच उपयोग नसतो.

माझी कसोटी साधी आहे. उद्या तुम्हाला ताप आला आणि तुमच्या जागी दुसरी ताई गेली, तर फक्त तुमची नोट वाचून तिला तिथूनच पुढे सुरू करता आलं पाहिजे. ही काही माझी आयडिया नाही बरं का. 1968 साली जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिसच्या पहिल्याच वर्षात बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी या शास्त्राची सात लक्षणं सांगितली, त्यातलं एक होतं "टेक्नॉलॉजिकल", म्हणजे तुम्ही केलेलं काम इतकं स्पष्ट लिहिलेलं हवं की शिकलेल्या दुसऱ्या माणसाला ते वाचून तसंच करता यावं. नोटला याच्याइतकी चांगली फूटपट्टी मला तरी दुसरी माहीत नाही.

आधी एक गोष्ट: नेटवरचे टेम्प्लेट

गुगल केलं की डझनभर टेम्प्लेट मिळतात आणि बहुतेक अमेरिकेचे असतात. तिकडे थेरपीचे पैसे मोठ्या प्रमाणावर इन्शुरन्स कंपनी देते, 97153 सारखे कोड असतात, 15-15 मिनिटांच्या युनिटने बिल लागतं, म्हणून त्यांच्या नोटमध्ये "हे उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे का आहेत" हे दर वेळी सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे बहुतेक घरांत आईबाबा स्वतःच्या खिशातून फी भरतात, त्यामुळे ती भाषा जशीच्या तशी उचलून काही फायदा नाही. त्यातला सांगाडा घ्या, वेळ, टार्गेट, डेटा, सही वगैरे, बाकीचं सोडून द्या. आणखी एक, बीएसीबीने (एबीए करणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी अमेरिकन संस्था) 2023 पासून भारतासह बहुतेक देशांतून नवे अर्ज घेणं बंद केलंय, त्यामुळे आता इथले लोक क्वाबा किंवा आयबीएओ या दुसऱ्या प्रमाणपत्र संस्थांकडे वळतात, सेंटर बदललं की फॉरमॅट बदलतो, सुपरवायझर बदलला की पुन्हा बदलतो. म्हणून फॉरमॅट पाठ करण्यापेक्षा आत काय हवं ते समजून घ्या.

सेशन सुरू व्हायच्या आधी

दारात पोचल्यावर बेल वाजवायच्या आधी दोन मिनिटं मागच्या दोन-तीन नोट वाचा. हे इतकं बेसिक आहे की लिहायलाच लाज वाटते, पण बरेच जण वाचत नाहीत, आणि मग गेल्या वेळी पक्कं झालेलं टार्गेट पुन्हा पहिल्यापासून घेतात, मूल कंटाळतं आणि नोटमध्ये येतं "लक्ष नव्हतं".

मग वरचा भाग भरून टाका: तारीख, सुरू व्हायची खरी वेळ (ठरलेली नाही, खरी, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं गेली तर तेवढं सेशन कमीच झालं ना), जागा, खोलीत कोण कोण होतं. शेवटचं लोक विसरतात. आजी शेजारी बसलेली असताना मुलाने दहा वेळा तुमच्याऐवजी आजीकडे बघितलं तर त्या डेटाचा अर्थच बदलतो.

त्यानंतर आईला किंवा जे कोणी घरी असेल त्यांना तीन प्रश्न विचारा. झोप किती झाली, खाल्लं काय आणि कधी, काल-आजमध्ये काही वेगळं घडलं का. ताप, पोट साफ नसणं, औषधाचा डोस बदलणं, मामा मुंबईहून राहायला येणं, शाळेत नवी शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसून मदत करणारी) येणं, हे सगळं यात येतं. पुण्यात दोन गोष्टी मी हमखास विचारते. एक म्हणजे गुरुवारी पाणी बंद होतं का, कारण सकाळची अंघोळ चुकली की काही मुलांचा अख्खा दिवस विस्कटतो. दुसरं म्हणजे गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने, जवळपास ढोलाचा सराव चालू आहे का. नदीपात्राजवळच्या किंवा पथकाच्या मैदानाशेजारच्या घरांत संध्याकाळचं सेशन असेल तर हे नोटमध्ये नसणं म्हणजे अर्धी गोष्ट गाळणंच. या गोष्टींना सेटिंग इव्हेंट म्हणतात, त्या बिहेवियर लगेच घडवत नाहीत पण ते घडायला जमीन तयार करून ठेवतात. महिन्याने नको त्या वर्तनाचा ग्राफ वर गेलेला दिसतो तेव्हा सगळे प्लॅनला दोष देतात, आणि कारण बाहेर वाजत असतं!

सेशन चालू असताना: डोक्यात काही ठेवू नका

रात्री घरी जाऊन आठवून लिहू, हे विसरा. तीन सेशन झाल्यावर पहिल्याचं काय आठवणारे? आठवतो तो शेवटचा रडण्याचा प्रसंग, आणि मग पूर्ण दीड तास त्याच रंगाचा दिसायला लागतो. डेटा जागेवरच घ्या. क्लिपबोर्ड मुलाला खेचावासा वाटतो म्हणून काही जणी कुर्त्यावर नाहीतर मनगटावर मास्किंग टेपची पट्टी लावून त्यावर रेघोट्या मारतात, मस्त चालतं. मोजण्यासाठी जपाचं बोटात घालायचं डिजिटल काउंटर तुळशीबागेत स्वस्तात मिळतं, त्याच्याइतकं सोयीचं यंत्र परदेशी कॅटलॉगमध्येही नाही. फक्त एक बघा, मुलाला त्या काउंटरचं बटण दाबायला आवडायला लागलं की तोच रीइन्फोर्सर होतो, मग तोही नोटमध्ये लिहा.

काय मोजायचं ते टार्गेटवर ठरतं. चापट मारणं, चावणं असं ज्याला सुरुवात-शेवट आहे ते किती वेळा झालं ते मोजा, आणि सेशन कमी-जास्त वेळाचं असेल तर तासाला किती ते काढा. रडणं, किंचाळणं यात किती वेळ चाललं ते महत्त्वाचं, दोन वेळा रडला म्हणजे दोन मिनिटंही असू शकतात आणि चाळीसही. सूचना दिल्यावर सुरू करायला किती वेळ लागला ती लेटन्सी. हात फडफडवण्यासारखं सारखं चालणारं काही असेल तर इंटरव्हलने घ्या, म्हणजे वेळेचे छोटे सारखे तुकडे पाडून प्रत्येकात ते झालं का ते बघा, पण कुठल्या पद्धतीने घेतलं ते लिहायलाच हवं, कारण पार्शल इंटरव्हलमध्ये (तुकड्यात क्षणभर झालं तरी धरतात) आकडा खऱ्यापेक्षा फुगतो आणि होल इंटरव्हलमध्ये (तुकडाभर चाललं तरच धरतात) कमी दिसतो. पद्धत न लिहिता गेल्या महिन्याच्या आकड्याशी तुलना केली तर ती फुकट.

स्किलचा भाग

इथे सगळ्यात जास्त होणारा घोळ म्हणजे नुसती टक्केवारी. "चमचा ओळखणे 67%" म्हणजे काय, तीनपैकी दोन की तीसपैकी वीस? कायम "इतक्यापैकी इतके" लिहा, टक्के नंतर. त्यातही स्वतःहून बरोबर किती आणि मदतीने बरोबर किती हे वेगळं. पूर्ण हात धरून करून घेतलं, कोपराला हलकासा स्पर्श केला, करून दाखवलं, बोट दाखवलं, तोंडी सांगितलं, यातली कुठली मदत ते नाव घेऊन लिहा. "प्रॉम्प्ट दिला" एवढंच लिहिलं तर पुढची ताई कुठून मदत कमी करत आणायची ते कसं ठरवणार?

मग चुका. किती चुका झाल्या यापेक्षा कशा झाल्या ते लिहिणारी थेरपिस्ट मला फार आवडते. समजा चमचा आणि कप यातून चमचा द्यायला सांगताय, दहापैकी दोन वेळा चुकलं, आणि दोन्ही वेळा चमचा डाव्या बाजूला होता. ही एक ओळ लिहिली की सुपरवायझरला लगेच शंका येते की पोरगं वस्तू बघतंय की नुसतंच उजवीकडचं उचलतंय. ही ओळ नसेल तर "80%, मास्टरीच्या (टार्गेट पक्कं होण्याच्या) जवळ" म्हणून सगळे खूश, आणि दोन महिन्यांनी कळतं की चमचा त्याला येतच नाही.

आपल्याकडच्या घरांसाठी एक खास गोष्ट, सूचना कुठल्या भाषेत दिली ते लिहा. सेंटरवर "गिव्ह मी", घरी आजी "दे बरं मला", सांभाळणाऱ्या मावशी "इधर दो", आणि मग आपण म्हणतो जनरलायझेशन (एकीकडे शिकलेलं दुसरीकडे वापरणं) होत नाही. मूल जे बोललं तेही जसंच्या तसं, देवनागरीत. ते "पा" म्हणालं तर "पा"च लिहा, "पाणी मागितलं" असं सुधारून लिहू नका, कारण पुढच्या महिन्यात "पाई" आलं तर ती प्रगती आहे आणि ती तुमच्या सुधारलेल्या नोटमध्ये दिसणारच नाही.

बिहेवियरचा भाग: पंचनामा करा, निकाल देऊ नका

पंचनाम्यात जागेवर काय दिसलं ते असतं, गुन्हेगार कोण ते नसतं. नोट तशीच हवी. हट्ट, नाटक, मुद्दाम, चिडचिड, मस्ती, मूड, आळस, ॲटेन्शन हवं होतं, हे सगळे शब्द म्हणजे निकाल. त्यांच्या जागी कॅमेऱ्याला दिसेल ते लिहा. "चिडला" नाही, "वही जमिनीवर फेकली आणि टेबलखाली गेला". "ॲग्रेसिव्ह झाला" नाही, "उघड्या तळहाताने माझ्या डाव्या दंडावर 3 वेळा मारलं, लाल झालं नाही".

उलट बाजूनेही हेच. "शांत बसला", "त्रास दिला नाही" ही टार्गेटं म्हणून लिहू नका. वर्तनशास्त्रज्ञ ऑग्डेन लिंडस्लेची मेलेल्या माणसाची कसोटी आहे ना, मेलेला माणूस जे करू शकतो ते वर्तन नव्हे! शांत तर तोही बसतो. "खुर्चीत बसून 4 मिनिटं मणी ओवले" हे वर्तन.

प्रत्येक प्रसंगाला तीन गोष्टी हव्यात: लगेच आधी काय झालं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. नंतर म्हणजे तुम्ही आणि बाकी सगळ्यांनी काय केलं ते, प्रामाणिकपणे. आजीने राजगिऱ्याची वडी हातात दिली असेल तर तेही लिहायचं. आजीची तक्रार म्हणून नाही हं, तिने प्रेमानेच दिलेली असते, पण किंचाळल्यावर वडी मिळाली ही माहिती प्लॅनसाठी सोन्यासारखी आहे.

फंक्शनबद्दल, म्हणजे मूल ते कशासाठी करतंय याबद्दल, सांभाळून. लक्ष वेधणं, टाळणं, वस्तू मिळवणं, सेन्सरी, हे चार कप्पे सगळ्यांना पाठ असतात आणि एका प्रसंगावरून फटकन शिक्का मारायची खाज सुटते. एका प्रसंगावरून फंक्शन कळत नाही, पॅटर्नवरून कळतं, आणि तो पॅटर्न शोधणं सुपरवायझरचं काम आहे. तुम्हाला काही वाटलं तर जरूर लिहा, पण वेगळ्या ओळीत, "माझं निरीक्षण:" असं आधी टाकून.

एक पूर्ण नमुना

खालचं मूल मी बनवलेलं आहे, "क" म्हणू, वय साडेचार.

"घर, 4:30 ते 6:00. उपस्थित: आई (स्वयंपाकघरात), आजी (हॉलमध्ये 5:15 पर्यंत). आईने सांगितलं: रात्री 12 नंतर झोपला, दुपारी झोप नाही, 3:30 ला वरणभात खाल्ला. सूचना मराठीत.

मॅन्ड (मागणी) 'दे': 14 संधी, 9 स्वतःहून, 4 माझं ऐकून, 1 वेळा बोलला नाही, हात ओढला. 9 पैकी 7 फुग्यासाठी. कुरमुरे दोनदा नाकारले, पुढे वापरले नाहीत.

चमचा/कप ओळखणे: 10 पैकी 8 स्वतःहून, 2 बोट दाखवून. दोन्ही चुकांत चमचा डावीकडे.

किंचाळणं (खोलीबाहेर ऐकू जाईल असा आवाज, 3 सेकंदांपेक्षा जास्त): 2 वेळा, एकूण 2 मिनिटं 50 सेकंद.
4:52, टॅब ठेवायला सांगितला, किंचाळला 40 सेकंद, टॅब दिला नाही, 'अजून' कार्ड पुढे केलं, कार्ड दिल्यावर 1 मिनिट टॅब.
5:31, बाहेर ढोल सुरू झाला, दोन्ही हात कानावर, किंचाळला 2 मिनिटं 10 सेकंद, खिडकी बंद केली, प्लॅनप्रमाणे हेडफोन दिले, स्वतः घातले, थांबला. त्यानंतर टेबलवरचं काम घेतलं नाही, जमिनीवर ब्लॉक खेळलो.

प्लॅनपासून फरक: 5:35 नंतरचे 2 टार्गेट घेतले नाहीत, कारण वर.
पुढच्या वेळी: चमचा-कपच्या जागा प्रत्येक ट्रायलला बदलणे. ढोलाच्या वेळेआधी हेडफोन हाताशी."

वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण बघा, दोन्ही किंचाळणी रकान्यात एकसारखी दिसली असती, "टँट्रम 2". पहिलं टॅब गेल्यावरचं आहे, दुसरं आवाजाचं. दोघांना एकच उपाय केला असता, म्हणजे दुसऱ्या वेळीही नुसतं 'अजून' कार्ड पुढे केलं असतं, तर कान झाकून त्रासात असलेल्या पोराला आपण एकटं सोडलं असतं.

दोन भाग जे लोक गाळतात

पहिला, प्लॅन पाळला की नाही. पाळला नसेल तर "पाळला नाही" लिहा आणि कारण लिहा. सुपरवायझर रागावेल म्हणून लपवलं तर तो समजतो की प्लॅन चालत नाही, आणि वापरलाच न गेलेला प्लॅन बदलला जातो. चांगला सुपरवायझर यावर रागावत नाही. (रागावत असेल तर अडचण नोटमध्ये नाही.)

दुसरा, मुलाची मर्जी. बीएसीबीच्या 2022 पासून लागू झालेल्या आचारसंहितेत असेंटचा, म्हणजे मुलाच्या स्वतःच्या होकाराचा, उल्लेख आहे, पण कोड असो नसो, हे लिहिलंच पाहिजे. बोलता न येणारं मूलही सांगत असतं: तुम्हाला बघून दाराकडे पळत आलं की आईच्या मागे लपलं, साहित्य स्वतः ओढलं की ढकललं, मान फिरवली का, आणि तसं झाल्यावर तुम्ही काय केलंत. सलग चार नोटमध्ये "टेबल दिसल्यावर खोलीबाहेर गेला" आलं तर मूल बदलण्याआधी टेबल बदलायला हवं. माझ्या मते हा भाग नसलेली नोट अर्धवटच.

लागलं, चावलं, पडलं असं काही झालं तर ते नोटमध्ये एका ओळीत आणि शिवाय वेगळ्या इन्सिडेंट रिपोर्टमध्ये. कुठे, केवढं, काय केलं, आईला किती वाजता सांगितलं. वेळ टाकाच.

आईबाबांना काय पाठवायचं

ही नोट जशीच्या तशी त्यांना फॉरवर्ड करू नका. त्यांनी मागितली तर दाखवायलाच हवी, त्यांच्याच मुलाची आहे, म्हणून तर अशी लिहा की त्यांनी वाचली तरी तुम्हाला मान खाली घालावी लागू नये. पण रोजच्यासाठी चार ओळी पुरतात: आज काय नवीन जमलं, घरी काय करून बघायचं, काय लक्षात ठेवायचं. "वहिनी, आज 'दे' बरेचदा स्वतःहून म्हणाला, फुगा देताना दोन सेकंद थांबून बघा" हे आईला उपयोगी पडतं, "मॅन्ड 64%" नाही. आणि फक्त चांगलंच सांगायचं असंही करू नका, आईला घरात सगळं दिसत असतं.

प्रायव्हसी

टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचं पूर्ण नाव, फोटो, रडतानाचा व्हिडिओ, हे इतकं सर्रास चालतं की कुणाला काही वाटेनासं झालंय. 2023 चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा 18 वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानतो आणि त्यांचा डेटा वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. पण कायदा बाजूला ठेवा, तुमच्या रडण्याचा व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर फिरला तर? आद्याक्षरं किंवा फाईल नंबर वापरा, नोट सेंटरच्या ॲपमध्ये नाहीतर कुलूपबंद कपाटात, रिसेप्शनच्या टेबलावर उघडी नाही. दुसऱ्या मुलाचं नाव एकाच्या फाईलमध्ये कधीच नको, "शेजारच्या मुलाने ढकललं" एवढंच.

सही, दुरुस्ती आणि वेळ

कागदावर चूक झाली तर व्हाइटनर नको. एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता यायला हवं, बाजूला बरोबर लिहा, सही आणि तारीख. उशिरा लिहीत असाल तर "उशिरा नोंद" म्हणून खरी तारीख-वेळ टाका. कालची नोट कॉपी करून आकडे बदलणं तर अजिबात नको, ॲपमध्ये ते फार सोपं असतं आणि तीन आठवडे "कुरमुरे दोनदा नाकारले" येत राहतं.

वेळ कुठून काढायचा? सेशनची शेवटची आठ-दहा मिनिटं मुलाला मोकळं खेळू द्या आणि तिथेच बसून लिहा, डेटा आधीच घेतलेला असेल तर तेवढ्यात होतं. एकाला लागून एक सेशन लावून नोटसाठी मिनिटभरही न ठेवणारी सेंटर असतात, तिथे जॉइन होतानाच विचारा की नोटचा वेळ पगारात धरलाय का. ट्रेनिंगमध्ये असाल तर महिन्यातून एखाद्या वेळी दुसऱ्या ताईला सोबत बसवून दोघींनी वेगवेगळं मोजा आणि मग जुळवा. साधारण 80 टक्क्यांच्या वर जुळलं तर ठीक धरतात, खाली गेलं तर बहुतेक वेळा डोळ्यांचा नाही तर व्याख्येचा दोष असतो, "किंचाळणं" कशाला म्हणायचं ते दोघींनी वेगळं धरलेलं असतं. व्याख्या पुन्हा लिहा, फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवा, बदलली त्या तारखेला ग्राफवर उभी रेघ मारा. औषध बदललं, शाळा बदलली, थेरपिस्ट बदलली तरी अशीच रेघ.